पाठनिश्चिती आणि वारंवारितेची कोष्टके

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात युसूफ वडगाव हे गाव आहे. मराठवाड्यातील ग्रामनामे किंवा लोकसाहित्य गोळा करणाऱ्या अभ्यासकाच्या वह्यांत ते ‘युसूफ वडगाव’, ‘युसुफ वडगाव’, ‘युसूफवडगाव’, ‘यूसुफ वडगाव’ अशा निरनिराळ्या रूपांत उतरणे अगदी स्वाभाविक आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तेथील नावे उर्दू दप्तरातून, मोडीतून आणि इंग्रजी नकाशांतून देवनागरीत आली. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळला जात नसे आणि उर्दू लेखनात ऱ्हस्व स्वर बहुधा गाळलेच जातात. वाचणाऱ्या माणसाला या सर्व रूपांत एकच गाव दिसते. संगणकाला मात्र चार गावे दिसतात.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने या गावी चाळीस ओव्या टिपून घेतल्या आणि गावाच्या नावाचे लेखन प्रत्येक वहीत थोडे वेगळे झाले. सामग्री संगणकात भरून वारंवारितेची आज्ञा दिली की गावनिहाय कोष्टक क्षणार्धात तयार होते. त्यात युसूफ वडगाव कोठेही चाळीस या आकड्यासह येत नाही. एकवीस, अकरा, सहा आणि दोन अशा चार ओळींत ते विखुरते, आणि ‘पाचांहून कमी नोंदी असलेली गावे इतर या सदरात घ्यावीत’ असा नियम प्रबंधात असेल तर त्यातील दोन ओव्या गावाचे नावही गमावून बसतात. उलटपक्षी, कोणी सोयीसाठी नुसते ‘वडगाव’ असे लिहिले असेल तर मराठवाड्यातील इतर अनेक वडगावांच्या ओव्या याच गावाच्या खात्यावर जमा होतात. एकाची अनेक होणे आणि अनेकांचे एक होणे, या दोन्ही चुका एकाच कोष्टकात सुखाने नांदू शकतात. बेरीज मात्र बरोबर येते, आणि मौखिक परीक्षेत सहसा बेरीजच तपासली जाते.

येथे दोष यंत्राचा नाही. एसपीएसएससारखी प्रणाली १९६८ मध्ये तयार झाली ती समाजशास्त्रीय पाहण्यांसाठी. प्रश्नावलीत उत्तरांचे रकाने आधीच ठरलेले असतात; उत्तर देणाराने फक्त खूण करावयाची असते. साहित्याच्या संहितेत असे रकाने कोणी आखून ठेवलेले नसतात. कोणती दोन रूपे एक मानावयाची आणि कोणती वेगळी ठेवावयाची, हे अभ्यासकालाच ठरवावे लागते. हा निर्णय घेतला जातो खरा, पण तो लिहून ठेवला जात नाही. मराठी विभागांतून होणाऱ्या संख्यात्मक अभ्यासाचे खरे दुखणे हेच आहे.

गावाच्या नावापाशी जे घडते ते शब्दांपाशी अधिक बिकट रूपात घडते. जात्यावरच्या ओव्यांमध्ये ‘जाते’ हा शब्द किती वेळा येतो, असा साधा प्रश्न घ्यावा. दळणाचे ‘जाते’ आणि सासरी ‘जाते’ हे क्रियारूप यांना संगणक एकच शब्द समजतो. ‘जात्यावर’, ‘जात्याला’, ‘जातं’ ही मात्र त्याच्या लेखी निराळी. ‘जात’ या शब्दाची गत तर विशेष विचार करण्याजोगी आहे. ‘ती चालत जात होती’ यातील ‘जात’ आणि समाजातील ‘जात’ यांची एकत्र मोजणी करून कोणी जातिजाणिवेविषयी निष्कर्ष काढला, तर तो निष्कर्ष व्याकरणाच्या एका अपघातावर उभा राहील.

ही भीती काल्पनिक नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील एक हजारांहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांत बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या, डॉ. आंबेडकरांविषयीच्या ओव्याही आहेत. हे भांडार २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळाद्वारे वाचकांपुढे येत आहे. एवढी सामग्री हाताशी असताना मोजणीचा मोह होणारच, आणि तो व्हावाही. परंतु या संकलकांनी ओव्यांचे विषयवार वर्गीकरण हाताने, वाचून केले होते, हे विसरता येत नाही. शिवाय गाताना ओवीची ओळ पुन:पुन्हा येते, ‘गं बाई’ अधूनमधून भरले जाते. लिहून घेणारा ते एकदाच लिहितो किंवा गाळतो. मोजणी लिहिलेल्या ओवीची की गायिलेल्या, हे प्रथम सांगावयास नको काय?

छापील साहित्याबाबत निर्धास्त राहावे, तर तेथेही ऐतिहासिक खाचखळगे आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ मध्ये आले व १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. त्यापूर्वीच्या ग्रंथांत ‘नाहीं’, ‘करावें’, ‘घरीं’ अशी सानुस्वार रूपे आढळतात. हरिभाऊ आपटे आणि भालचंद्र नेमाडे यांच्या कादंबऱ्यांतील शब्दसंख्येची तुलना यंत्राकडून सरसकट करून घेतली, तर दिसणाऱ्या फरकाचा बराच भाग लेखकांच्या शैलीचा नसून अनुस्वारांचा असेल. युनिकोडमधील ‘दऱ्या’, ‘ऱ्हस्व’ अशा शब्दांतील आडवा रफार तर दोन वेगळ्या पद्धतींनी टंकित होऊ शकतो. डोळ्यांना एक दिसणारा शब्द यादीत दोनदा येतो. वर्णानुक्रम लावतानाही संकेतक्रम ‘ळ’ला ‘व’च्या आधी बसवितो, आणि क्ष व ज्ञ अनुक्रमे ‘क’ आणि ‘ज’खाली जातात.

असे असूनही वर्णानुक्रमाची आज्ञाच अभ्यासकाची पहिली मदतनीस आहे. मोजण्याआधी यादी क्रमाने लावून ती वरपासून खालपर्यंत डोळ्यांखालून घालावी. ‘युसुफ’ आणि ‘युसूफ’ शेजारी येतात, शब्दाअखेर राहिलेली अदृश्य रिकामी जागा पकडली जाते, एकदाच आलेले शब्द वाचता येतात. कोणत्याही संहितेतील निराळ्या शब्दांपैकी निम्म्याच्या आसपास शब्द एकदाच आलेले असतात. ‘इतर’ सदरात त्यांना लोटण्यापूर्वी ते वाचलेले बरे. हे काम कंटाळवाणे आहे, आणि त्याचे श्रेय प्रबंधात कोठेच मिळत नाही.

वस्तुत: मराठी विभागांना हे काम अपरिचित नाही. युसूफ वडगावापासून जवळच, अंबाजोगाईस, मुकुंदराजांची समाधी दाखविली जाते. ‘विवेकसिंधू’चा काळ परंपरेने शके १११० मानला जातो, पण उपलब्ध पोथ्यांची भाषा त्या मानाने अर्वाचीन वाटते, हा आक्षेप जुनाच आहे. अशा ग्रंथाच्या छापील प्रतीवरून शब्दांची वारंवारिता काढली, तर मुकुंदराजांइतकीच नंतरच्या लेखनिकांचीही मोजणी होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, हेही सर्वांस ठाऊक आहे. पोथीचा संपादक कोणता पाठ घेतला, कोणता सोडला, हे तळटीपांत नोंदवितो. ते न नोंदविणाऱ्याचे संपादन विद्वानांत टिकत नाही. दोन रूपांना एक शब्द ठरविणे, ही पाठनिश्चितीच होय. मग कोष्टकाला पाठभेदांतून सूट का?

यास्तव वारंवारितेचे कोष्टक असलेल्या प्रत्येक प्रबंधास एकत्र केलेल्या रूपांची पूर्ण यादी आणि त्यामागील नियम परिशिष्टात जोडणे विभागांनी आवश्यक करावे. मूळ नोंदी जशाच्या तशा एका रकान्यात ठेवून प्रमाणित रूप शेजारच्या रकान्यात लिहावे. मूळ नोंद पुसू नये. परीक्षकांनीही बेरजेआधी ही यादी मागावी, आणि तीत युसूफ वडगावची चारही रूपे कोणत्या गावाखाली घेतली आहेत, ते विचारावे.