घरचा पिझ्झा: भाजणाऱ्यालाही गरम घास

मुलांना पिझ्झा आवडतो हे आता कोणाला सांगायला नको. महिन्यातून एकदा तरी हट्ट होतोच. मग बहुतेक घरांत दोन वाटा असतात. एक म्हणजे फोन करून मागवायचा. दुसरी म्हणजे दुकानातून तयार बेसचे पाकीट आणायचे, त्यावर टोमॅटो केचप पसरायचे, कांदा आणि सिमला मिरची घालायची, चीज किसायचे आणि तव्यावर झाकण ठेवायचे. दुसऱ्या वाटेने पैसे वाचतात खरे, पण मुले चार घास खाऊन म्हणतात, "अम्मी, बाहेरच्यासारखा नाही झाला." आणि अम्मीला वाटते की हे काम आपल्या हातचे नाही.

यात अम्मीचा काही दोष नाही. पाकिटातला बेस आधीच भाजलेला आणि काही दिवस पडून वाळलेला असतो. शिळ्या पावावर ताजे सालन वाढले तरी पाव शिळाच लागणार. तेव्हा पिझ्झा करायचा तर सुरुवात पिठापासून करावी, असे आमचे सांगणे आहे. पिझ्झा ही मुळात रोटी आहे. ती चांगली झाली की वर नुसता टोमॅटो आणि लसूण असला तरी चालतो.

पिझ्झा वाढला तो इटलीतल्या नेपल्स या बंदराच्या शहरात. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात तिथल्या गरीब, मजुरी करणाऱ्या लोकांचे ते रस्त्यावर मिळणारे स्वस्त खाणे होते. खमिराची चपटी रोटी, वर थोडे तेल, लसूण, कधी मासळी, कधी चीज. टोमॅटो तर युरोपचा नव्हेच. आपल्या मिरचीसारखाच तोही अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात तिकडे पोहोचला. १८८९ साली राणी मार्गेरिटा नेपल्सला आली तेव्हा राफाएले एस्पोसितो नावाच्या पिझ्झावाल्याने टोमॅटो, मोझरेला आणि तुळशीच्या जातीच्या बेसिल पानांचा पिझ्झा तिच्यासाठी केला, म्हणून त्याला मार्गेरिटा म्हणतात, अशी गोष्ट तिथे सांगतात. इतिहासकार तिच्याबद्दल शंका घेतात, पण नाव मात्र टिकले. २०१७ साली युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कारागिरीला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. तो मान पीठ मळणाऱ्या, हाताने पसरणाऱ्या आणि भट्टीपुढे उभे राहणाऱ्या हातांचा होता.

आपल्या घरांना खमीर नवे नाही. नान, खमिरी रोटी, शीरमाल ही सगळी त्याच घराण्यातली. खमीर हा शब्दच मुळात अरबी. बाजारात त्याला यीस्ट म्हणतात एवढेच. तेव्हा घाबरण्यासारखे यात काही नाही.

पीठ

चार मध्यम पिझ्झ्यांसाठी ५०० ग्रॅम मैदा, ३०० मिलिलिटर पाणी, १० ग्रॅम म्हणजे साधारण दोन छोटे चमचे मीठ, अर्धा छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट आणि एक मोठा चमचा तेल घ्यावे. नुसता मैदा नको असेल तर १०० ग्रॅम मैद्याऐवजी तेवढीच कणीक घ्या आणि पाणी एक-दोन चमचे वाढवा. कणीक पाणी जास्त पिते.

परातीत मैदा आणि यीस्ट एकत्र करा. पाणी घालून सैलसर गोळा करा आणि वीस मिनिटे झाकून ठेवा. मग मीठ आणि तेल घालून आठ-दहा मिनिटे चांगले मळा. सुरुवातीला पीठ हाताला चिकटेल. चिकटते म्हणून कोरडा मैदा घालत राहू नका, नाहीतर रोटी वातड होईल. हाताला तेल लावा आणि मळत राहा. थोड्या वेळाने पीठ आपोआप गुळगुळीत होते. मळल्याने पिठात चिवट जाळे तयार होते. खमीर पिठातली साखर खाते आणि वायू सोडते. तो वायू या जाळ्यात अडकला की पीठ फुगते.

आता पीठ झाकून ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते दोन तासांतच दुप्पट होईल, थंडीत तीन-चार तास लागतील. घड्याळापेक्षा भांड्याकडे पाहावे. पाणी साधे किंवा जेमतेम कोमट असावे. हाताला चटका बसेल इतक्या गरम पाण्यात खमीर मरते. यीस्ट दाणेदार, म्हणजे ड्राय ॲक्टिव्ह असेल तर थोडे जास्त घ्या, त्याच मापातल्या पाव वाटी कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून ते भिजवा आणि दहा मिनिटे थांबा. फेस आला नाही तर ते यीस्ट टाकून द्या, त्यावर मैदा वाया घालवू नका.

नोकरी करणाऱ्या भगिनींसाठी याहून सोपी वाट आहे. शुक्रवारी रात्री पीठ मळा, तासभर बाहेर ठेवा आणि झाकणाच्या मोठ्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवून द्या. थंडीत खमीर हळूहळू काम करते आणि चवही जास्त येते. शनिवारी रात्री किंवा रविवारी, वापरायच्या दीड-दोन तास आधी बाहेर काढा. डबा अर्धाच भरलेला असू द्या, पीठ फुगून झाकण उचलते.

फुगलेल्या पिठाचे साधारण दोनशे ग्रॅमचे चार गोळे करा आणि अर्धा तास झाकून ठेवा.

टोमॅटो

केचप गोड असते आणि पिझ्झ्याला ती गोडी मारक ठरते. अर्धा किलो लाल, पिकलेले टोमॅटो उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून साले काढा आणि बारीक चिरा. दोन मोठे चमचे तेलात चार-पाच लसूण पाकळ्या ठेचून परता. लसूण लाल होण्याआधीच टोमॅटो आणि मीठ घाला. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे आटवा. चमचा फिरवल्यावर मागे वाट राहिली पाहिजे. आपले टोमॅटो पाणीदार असतात. ते पाणी पातेल्यात आटले नाही तर पिझ्झ्यावर सुटते आणि मधला भाग कच्चा राहतो. ओरेगानो घरात नसेल तर चिमूटभर ओवा चुरून घाला, त्याचा वास बराच जवळ जातो. पण चिमूटभरच.

चीज

चीजबद्दल आपल्या घरांत एक प्रश्न नेहमी निघतो आणि तो रास्त आहे. दूध फाडण्यासाठी जुन्या पद्धतीत वासराच्या पोटातून काढलेले रेनेट वापरतात. ते जनावर कसे कापले गेले हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. भारतात मिळणाऱ्या ज्या पाकिटावर शाकाहाराची हिरवी खूण असते त्यातले रेनेट प्राण्याचे नसते, म्हणून ती खूण पाहून घ्यावी. परदेशातून आलेल्या चीजवर ती खूण नसेल तर घटकांची यादी नीट वाचावी. परदेशी थाटाच्या पिझ्झ्यावर असते ते पेपरोनी अनेकदा डुकराच्या मांसाचे असते, हेही मुलांना माहीत असलेले बरे.

यादी वाचताना आणखी एक पाहा. काही स्वस्त पाकिटांत दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असते आणि त्यावर 'ॲनालॉग' असे लिहिलेले असते. ते खरे चीज नव्हे. एका पिझ्झ्याला ६० ग्रॅम मोझरेला पुरते, म्हणजे चारांना सुमारे २५० ग्रॅम. नेपल्सच्या आसपासचे नावाजलेले मोझरेला म्हशीच्या दुधाचे असते, हे वाचून आपल्या म्हशी पाळणाऱ्या वाचकांना बरे वाटेल.

वरचे साहित्य

कमी घालावे, हा एकच नियम. जास्त ओझे घातले की रोटी वाफेत शिजते, भाजत नाही. कांदा पातळ चिरा. सिमला मिरची आणि मशरूम आधी मोठ्या आचेवर परतून पाणी आटवा. खिमा घालायचा तर आले, लसूण, हिरवी मिरची आणि मिरी घालून अगदी सुका करून घ्या, चार पिझ्झ्यांना १५० ग्रॅम पुरे. चिकन नेहमी शिजवलेलेच घाला. पिझ्झा काही मिनिटांत भाजून होतो, तेवढ्यात कच्चे चिकन आतून शिजत नाही. रात्रीचे उरलेले कबाब किंवा तंदुरी चिकन यासाठी फार चांगले.

भाजणे

नेपल्सची लाकडाची भट्टी ४३० ते ४८० अंश सेल्सिअसवर तापते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. आपला घरचा ओटीजी २३० किंवा २५० अंशांपर्यंतच जातो. म्हणून घरी वेळ जास्त लागतो. त्या जास्तीच्या वेळात रोटी कडक होऊ नये म्हणून आपण पिठात चमचाभर तेल घातले.

ओटीजीमध्ये लोखंडी तवा पालथा ठेवा. तव्याची मूठ लाकडाची किंवा प्लास्टिकची नसावी. ओटीजी पूर्ण तापमानावर अर्धा तास तापू द्या. गोळा हाताने मधून कडेकडे दाबत नऊ-दहा इंच पसरवा आणि कडेला बोटभर जाड भाग सोडा. लाटण्याने कडेची हवा निघून जाते. पीठ मागे ओढू लागले तर दहा मिनिटे विसावा द्या, मग ऐकते. गरम तव्यावर पिझ्झा आठ-दहा मिनिटांत होतो.

ओटीजी नसेल तर जाड लोखंडी तवा चांगला तापवा. पसरलेली रोटी त्यावर टाका. दीड-दोन मिनिटांत खाली तांबूस ठिपके पडले की उलटा. भाजलेल्या बाजूवर टोमॅटो, मग चीज, मग बाकीचे घाला. आच मंद करा आणि चार-पाच मिनिटे झाकण ठेवा. चीज वितळेल, पण वरून तांबूस होणार नाही. तरी ही रोटी कोणत्याही पाकिटातल्या बेसपेक्षा सरस असते.

आता मुद्द्याचे

पिझ्झा एका वेळी एकच भाजला जातो आणि तो गरमच खायचा असतो. यातच आपल्या घरांची जुनी गोष्ट पुन्हा घडते. तव्यावरची भाकरी असो, ईदच्या पुऱ्या असोत की इफ्तारची भजी, जी गरम वाढते ती शेवटी बसते आणि थंड खाते. सगळे म्हणतात, "वा, काय झालाय!" आणि ज्या हातांनी तो केला त्यांच्या वाट्याला थंड झालेला, चीज घट्ट झालेला शेवटचा तुकडा येतो. दोन दिवस आधीपासून पीठ सांभाळणाऱ्या बाईला गरम पिझ्झा कसा लागतो हेच माहीत नसेल, तर एवढा खटाटोप कोणासाठी?

यावर इलाज आहे आणि तो सोपा आहे. जेवणाआधी तासभर चारही रोट्या अर्ध्या भाजून घ्या. तव्यावर प्रत्येक बाजू एकेक मिनिट, किंवा ओटीजीत तीन मिनिटे. कापडात गुंडाळून ठेवा. मग दस्तरखान घातल्यावर फक्त वरचे साहित्य पसरून पाच-सहा मिनिटे भाजायचे उरते.

पहिला पिझ्झा उतरला की घरात जितकी माणसे तितके तुकडे करा, आणि भाजणाऱ्याच्या हातात तुकडा आधी द्या. दुसऱ्या पिझ्झ्याला दुसरे कोणी उठावे. आठ-दहा वर्षांचा मुलगा टोमॅटो पसरवू शकतो, चीज किसू शकतो. कॉलेजात जाणारा भाऊ तवा सांभाळू शकतो. अब्बांनाही एक पिझ्झा भाजता येईल, थोडा करपला तरी कोणी हसू नये. हे काम मुलींचेच, असे मुलांच्या मनात बसायला नको असेल तर त्याची सुरुवात अशा दिवशीच सोपी जाते, कारण पिझ्झ्यासाठी मुलगे आनंदाने ओट्याशी येतात. पुढे कधी शिक्षणासाठी परगावी राहावे लागले तर पीठ मळता येते ही गोष्ट त्यांच्याच कामाला येईल.

उरलेला पिझ्झा दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, रोटी चामट होते. तव्यावर मंद आचेवर ठेवा, शेजारी पाण्याचे दोन थेंब टाका आणि दोन मिनिटे झाकण ठेवा. खालून कुरकुरीत, वरून मऊ होतो. पण चार पिझ्झे आणि सगळे घर एकत्र बसलेले असेल तर उरण्याची वेळ सहसा येत नाही.