पंगत उठल्यावर

खानदेशात उपाशी माणसाला जेवू घालणारे हात कधी कमी पडले नाहीत. वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा, आषाढीआधी मुक्ताईच्या पालखीबरोबर चालणाऱ्यांसाठी गावोगावच्या पंगती, हनुमान जयंतीचे भंडारे, रमजानमधले इफ्तार, गुरुद्वाऱ्यातला लंगर. मोठी चूल कुठे ना कुठे पेटलेली असतेच. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी. बट्टी कुस्करून मध्ये आळे करायचे, वाढपी बादलीतून वरण ओततो, मागून तूप येते, आणि शेजारी कोण बसले आहे हे तेवढा अर्धा तास तरी कोणी विचारत नाही. (काही गावांत अजून विचारतात. त्यावरचा लेख आतल्या पानांत आहे.)

यंदाचा अंक आम्ही ‘धर्म आणि भाकरी’ या विषयाला दिला, तो या पंगतीचे गोडवे गायला नव्हे. पोटभर जेवून उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावच्या किंवा धुळ्याच्या एखाद्या चौकात कामाची वाट पाहत उभा असतो. मुकादम येतो, बोट दाखवतो, चारजण टेम्पोत चढतात, बाकीचे उन्हं वर आली की घरी जातात. जे चढले त्यांच्यातही गवंडी आणि बिगारी एकाच भिंतीवर राबतात, पण संध्याकाळी दोघांच्या हातावर पडणारे पैसे फार वेगळे असतात. एकाला ओळंबा धरता येतो, थापीने गिलावा मारता येतो. दुसऱ्याला पाटी उचलता येते. हे शिकायला जन्म जात नाही. एक शिकवणारा लागतो आणि शिकेपर्यंत घरची चूल पेटती ठेवणारा कोणीतरी लागतो.

ही दोन्ही कामे एका छपराखाली करून दाखवली पंडिता रमाबाईंनी. भूक त्यांनी पुस्तकात वाचलेली नव्हती. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात वडील गेले, आई गेली, पाठोपाठ थोरली बहीणही गेली. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. मग छप्पन्या म्हणून ओळखला जाणारा पुढचा दुष्काळ आला आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्यांना नुसते रांधून वाढायचे म्हटले तरी कोणीही खचले असते. रमाबाईंनी त्यांच्याच हातांना काम लावले: शेती, गोठा, तेलघाणा, हातमाग, शिवण, छापखाना. खिळे जुळवणाऱ्या बायका तिथे तयार झाल्या, आणि रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्याच छापखान्यातून बाहेर पडले. लेक मनोरमा ब्रेल लिपी शिकली, ती तिथल्या अंध बायकांना शिकवण्यासाठी.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८८९ साली मुंबईत रमाबाईंचे शारदा सदन निघाले तेव्हा धर्म मध्ये येणार नाही असा शब्द होता. सदन पुण्याला हलल्यावर, १८९३ साली, तिथे मुलींना ख्रिस्ती केले जाते म्हणून वादळ उठले, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. दोष कोणाचा किती, यावर अभ्यासक आजही भांडतात. आम्हाला एवढेच वाटते की अन्न श्रद्धेने शिजवावे, पण जेवणाऱ्याकडून ती वसूल करू नये. मंदिर, मशीद, चर्च, कोणालाही यातून सूट नाही.

जवळचे उदाहरण अक्कलकुव्याचे. हे गाव १९९८पर्यंत धुळे जिल्ह्यात होते, आता नंदुरबारमध्ये आहे. मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ साली तिथे सहा विद्यार्थ्यांवर मदरसा सुरू केला. राहणे-जेवणे मदरशाचे, ही जुनीच रीत. नवे असे की त्याच संस्थेत पुढे आयटीआय आले, बीएड आले, औषधनिर्माण आणि अभियांत्रिकीचे शिक्षण आले. वस्तानवी मे २०२५मध्ये वारले. संस्थेच्या परदेशी निधीवरून वाद झाले, आणि हिशेब तर प्रत्येकाने चोख दिलाच पाहिजे. पण सातपुड्याच्या पायथ्याशी जेवण आणि हुन्नर एका आवारात आणता येतात, हे तिथे दिसले.

गाडगेबाबांच्या दहा कलमांत भुकेल्याला अन्न पहिले आहे, आणि बेकाराला रोजगार त्याच यादीत आहे. आपण पहिले उचलले आणि रोजगाराचे पान उलटून पुढे गेलो. कारण उघड आहे. वडिलांच्या तिथीला पंगतीची पावती फाडली की दुपारी शे-दोनशे माणसे जेवताना डोळ्यांनी दिसतात. त्याच पैशात एखाद्या पोराला वेल्डिंग शिकवले तर दाखवायला काहीच नाही. तो मध्येच सोडूनही जाईल. पुण्य सगळ्यांना रोखीत हवे असते.

आणि जिथे रोजगाराचे मनावर घेतले जाते तिथे हटकून शिलाई मशीन वाटतात. फोटो छान येतो. एका गल्लीत पाच मशीन झाल्यावर शिवायला कपडे कोण आणणार, फॉल-पिको तरी किती करणार? जळगावात डाळमिल आहेत, प्लॅस्टिकच्या चटयांचे कारखाने आहेत, ठिबकचा उद्योग आहे, केळी पिकवण्याच्या शीतखोल्या आहेत. सराफ बाजारात दागिने घडवायला कारागीर बंगालहून येतात. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्ग एकमेकांना छेदतात. तिथल्या ट्रकांना डिझेल पंपाचा, वायरिंगचा, टायरचा माणूस लागतो. काय शिकवायचे हे विश्वस्तांनी त्या गॅरेजवाल्याला आणि मिलवाल्याला विचारावे.

शिकलेली पोरे सुरतेला निघून जातील, अशी तक्रार होते. न शिकलेलीही ताप्ती लाइनची गाडी धरून जातातच. उधना-लिंबायतला अहिराणी ऐकू येते ती त्यांचीच. तिथे लूमवर हेल्पर व्हायचे की लूम दुरुस्त करणारा, हे इथे ठरू शकते.

पंगत बंद करा असे आम्ही म्हणत नाही. उलट शिकणाऱ्याला दुपारचे जेवण लागते आणि त्या काळात त्याच्या घरी धान्य लागते. देवस्थानांची मोठी भांडी, आचारी आणि सभामंडप वर्षातले कितीतरी दिवस रिकामे असतात; वीस-तीस शिकाऊंचे जेवण त्यात सहज निघेल. दिवाळीनंतर गावोगाव सप्त्यांच्या बैठका सुरू होतील. तिथे वर्गणीचा आकडा ठरताना हा विषय कोणीतरी काढावा. काय ठरले ते आम्हाला कळवा, नकार आला असेल तर तोही कारणासह कळवा. पुढच्या अंकात छापू.