वेगाच्या घरची शिस्त

वेगाविषयी आपल्या समाजात दोन मते आढळतात. वडीलधाऱ्यांना वेग म्हणजे अपघाताचे दुसरे नाव वाटते, तर तरुणांना तो पुरुषार्थाचा पुरावा वाटतो. ही मते परस्परविरोधी खरी. पण एका बाबतीत दोन्ही पक्षांचे एकमत असते. जेथे वेगाला मर्यादा नाही तेथे नियमही नसणार, असे दोघेही गृहीत धरून चालतात. आमचे मत याच्या अगदी उलट आहे. मोटारींच्या शर्यतीसाठी बांधलेला मार्ग हे वेगाचे हक्काचे घर. आणि त्या घरची शिस्त आपल्या कोणत्याही राजरस्त्यापेक्षा कडक असते. त्या शिस्तीच्या मुळाशी दुसऱ्याची चाड आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी ही गोष्ट नीट समजून घ्यावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

शर्यतीच्या मार्गावर केवळ नामांकित शर्यतपटूच जातात, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नव्हे. ठरावीक दिवशी शुल्क भरून सामान्य गृहस्थालाही आपली नित्याच्या वापरातील मोटार तेथे नेता येते. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जर्मनीतील आयफेल डोंगरांमधले न्यूरबुर्गरिंग. हा मार्ग १९२७ साली खुला झाला. त्याचा उत्तरेकडील वळसा, ज्याला नॉर्डश्लायफे म्हणतात, सुमारे २०.८ किलोमीटर लांबीचा असून त्यात सत्तरांहून अधिक वळणे आहेत. रान, चढ, उतार, आणि पुढचे काही दिसू न देणारे माथे यांमधून तो जातो. आपल्या देशातही चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथे, कोइमतूरजवळ आणि ग्रेटर नोएडा येथे असे मार्ग आहेत. तेथेही खासगी मोटारींसाठी अधूनमधून दिवस राखून ठेवले जातात.

आता या नॉर्डश्लायफेवर सामान्य लोकांसाठी नियम कोणते, ते पाहू. सार्वजनिक फेऱ्यांच्या वेळी हा मार्ग कायद्याच्या दृष्टीने शुल्क देऊन वापरायचा एकेरी रस्ता ठरतो आणि जर्मनीचे वाहतुकीचे नियम तेथे जसेच्या तसे लागू असतात. मोटार उजव्या अंगाने चालवावी, पुढे जाणाऱ्याने डावीकडूनच जावे. बहुतेक टप्प्यांवर वेगाला मर्यादा नाही. पण घड्याळ लावून फेरीची वेळ मोजण्यास मनाई आहे. हा शेवटचा नियम आम्हांस फार मार्मिक वाटतो. ज्याच्या डोळ्यांपुढे घड्याळ असते, त्याला वाटेतला दुसरा माणूस अडथळा वाटू लागतो. घड्याळ काढून घेतले की तोच माणूस पुन्हा सहप्रवासी होतो.

इतर मार्गांवर खासगी मोटारींच्या दिवशी याहूनही सावध रीत असते. प्रारंभी सर्व चालकांना एकत्र बसवून नियम समजावले जातात. ही बैठक चुकवणाऱ्याला मार्गावर सोडत नाहीत. चालकांचे नवशिके, मध्यम व निष्णात असे गट पाडून त्यांना वेगवेगळ्या वेळा दिल्या जातात. मागच्या मोटारीने पुढे जायचे ते ठरवून दिलेल्या सरळ टप्प्यांवरच; वळणात शिरताना कोणी कोणाला मागे टाकायचे नाही. नवशिक्यांच्या गटात तर पुढच्या चालकाने खिडकीतून हात काढून, ‘या बाजूने जा’ अशी खूण केल्याशिवाय मागच्याने पुढे जायचे नसते. खूण करणाऱ्यानेही आपल्या रेषेवर स्थिर राहून वेग किंचित कमी करायचा, म्हणजे मागच्याचे काम सुकर होते.

या हाताच्या खुणेत आम्हांस एक मोठा धडा दिसतो. आपल्या रस्त्यांवर कोणी आपल्यापुढे गेले की कित्येकांना तो अपमान वाटतो. वाट मागणाऱ्याला अडवणे आणि वाट मिळाली नाही तर कर्णा वाजवून हैराण करणे, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे नित्याच्या झाल्या आहेत. शर्यतीच्या मार्गावर मात्र वाट देणे हे सभ्य चालकाचे लक्षण मानतात. जो आरशात पाहत नाही, जो सरळ टप्प्यावर इंजिनाच्या बळावर पुढे पळून वळणात इतरांना खोळंबून ठेवतो, त्याची मोटार कितीही मोलाची असो, तेथे त्याची किंमत होत नाही. तसेच मागून अगदी चिकटून धाक दाखवणाऱ्यालाही तेथे थारा नसतो. पुढे जाण्यात जोखीम असेल, तर ती टाळण्याची मुख्य जबाबदारी पुढे जाणाऱ्याची, हा तेथला सर्वमान्य संकेत आहे.

मार्गाच्या कडेला मार्शल उभे असतात आणि ते झेंड्यांच्या भाषेत बोलतात. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे. वेग आवरा, कोणाला मागे टाकू नका. तांबडा झेंडा म्हणजे फेरी थांबली. सावकाश परत या. निळा म्हणजे मागून वेगवान मोटार येत आहे. पिवळ्यावर तांबडे पट्टे म्हणजे पुढे तेल सांडले आहे किंवा मार्ग निसरडा आहे. काळा झेंडा एखाद्याला उद्देशून दाखवला, तर त्याने मुकाट्याने परत येऊन अधिकाऱ्यांसमोर उभे राहायचे. या भाषेत हुज्जतीला जागा नाही. वळणापलीकडे काय घडले आहे ते मार्शलला दिसते, चालकाला दिसत नाही. म्हणून दिसणाऱ्याचे न दिसणाऱ्याने ऐकायचे, एवढेच यामागचे तत्त्व.

अचानकपणा हा वेगाचा खरा शत्रू आहे. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल मां येथील शर्यतीत एक मोटार थांब्याकडे वळण्यासाठी मंदावली, तिला चुकवण्यासाठी मागची मोटार बाजूला सरली, आणि तिच्या मागून अधिक वेगाने येणारी तिसरी मोटार तिच्यावर आदळून प्रेक्षकांच्या बाजूस उडाली. ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली. चौकशीत कोणा चालकाला दोषी ठरवले गेले नाही. जुन्या, कमी वेगाच्या मोटारींसाठी आखलेला तो मार्ग नव्या वेगाला अपुरा पडला, असा निष्कर्ष निघाला. खेळ जाणणारे निष्णात चालकही जेथे क्षणार्धात असे सापडतात, तेथे नवशिक्याने आपला प्रत्येक हेतू आधी जाहीर करणे किती अगत्याचे आहे, हे वेगळे सांगावयास नको. म्हणूनच बाहेर पडण्यापूर्वी खूण करावी, कडेकडेने यावे, आणि थांब्याच्या वाटेवरील वेगमर्यादा काटेकोर पाळावी, असे तेथे शिकवतात.

मोटारीची तयारी हाही शिष्टाचाराचाच भाग होय. वेग दुप्पट झाला की गतीची ऊर्जा चौपट होते, हे आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी पदार्थविज्ञानात शिकतात. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार कोरड्या, चांगल्या रस्त्यावर जोराचा ब्रेक लावल्यावर सुमारे २० मीटरांत थांबत असेल, तर ताशी १२० वेगाने तिला सुमारे ८० मीटर लागतील. शिवाय ताशी १२० वेगाने एका सेकंदात ती ३३ मीटर पुढे जाते, तो हिशेब वेगळाच. ही सारी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन बसते. ब्रेक ऑईल हवेतील पाणी शोषते आणि पाणी मिसळले की ते लवकर उकळते. ‘डॉट ४’ प्रकारच्या ताज्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्या ऑईलच्या बाबतीत ही अट १५५ अंशांवर येते. ऑईल उकळले की नळीत वाफ धरते आणि पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. म्हणून मार्गावर जाण्यापूर्वी ऑईल ताजे आहे का, ब्रेकचे पॅड जाड आहेत का, टायरांतील हवा ठीक आहे का, चाकांचे नट घट्ट आहेत का, हे पाहावे लागते. आतील सुटी वस्तू, मग ती पाण्याची बाटली का असेना, बाहेर काढून ठेवतात. ती घरंगळत ब्रेकखाली गेली तर सारेच संपले. आपल्या इंजिनातून गळणारे तेल प्रथम दुसऱ्याच्या चाकाखाली जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही तपासणी परोपकार का ठरते ते कळेल. मोटार तेल गाळू लागली तर तशीच फेरी पुरी न करता कडेला घ्यावी, हा तेथला दंडक आहे.

न्यूरबुर्गरिंगच्या इतिहासातील एक प्रसंग येथे सांगितलाच पाहिजे. १ ऑगस्ट १९७६ रोजी जगज्जेता निकी लाउडा याची मोटार नॉर्डश्लायफेवर बांधावर आदळून पेटली. या लांबलचक मार्गावर सुरक्षेची साधने अपुरी आहेत, म्हणून येथे शर्यत घेऊ नये, असे लाउडाने आधीच सांगून पाहिले होते. पण त्याच्या बाजूने पुरेशी मते पडली नाहीत. त्या आगीतून त्याला ओढून काढले ते त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनी. आर्तुरो मेर्झारियो, गाय एडवर्ड्स, ब्रेट लंगर आणि हाराल्ड एर्टल अशी त्यांची नावे. मेर्झारियोने ज्वाळांत हात घालून त्याचा पट्टा सोडवला. सहा आठवड्यांनी लाउडा पुन्हा शर्यतीत उतरला. नॉर्डश्लायफेवर मात्र त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत कधी झाली नाही. जो सावधगिरीचा आग्रह धरतो त्याला भित्रा म्हणणाऱ्यांनी ही हकिगत आठवावी.

आमच्या या मतावर दोन आक्षेप येतील. पहिला हा की, हा सारा श्रीमंतांचा खेळ. आमच्या मुलांना त्याचे काय? खेळ खर्चिक आहे हे खरे. पण आरशात पाहण्यास, वाट देण्यास, खूण करण्यास पैसा पडत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मार्गावर वेग शिकलेला तरुण तोच वेग घेऊन रस्त्यावर येणार नाही कशावरून? ही भीती निराधार नाही. नॉर्वेत निसरड्या रस्त्यावर मोटार सावरण्याचे शिक्षण नव्या चालकांना सक्तीचे केल्यानंतर तरुण पुरुषांचे अपघात घटण्याऐवजी वाढल्याचे पाहणीत आढळले. हाताला कौशल्य आले, त्याबरोबर डोक्यात फाजील विश्वासही आला. म्हणूनच आमचे म्हणणे असे की, ज्याला वेगाची हौस आहे त्याने ती शर्यतीच्या मार्गावरच पुरवावी, आणि तेथे जाताना कौशल्याच्या आधी शिष्टाचार शिकावा. केवळ वळणे मारायला शिकून परतणारा तरुण अधिक धोकादायक होतो. वाट द्यायला शिकून परतणारा अधिक शहाणा होतो.

आपल्याकडील परिस्थिती तरी कशी आहे? केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली, आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले गेले. शर्यतीच्या मार्गावर सर्वजण एकाच दिशेने जातात, कडेला मोकळी जागा असते, मार्शल असतो, रुग्णवाहिका सज्ज असते. आमच्या गोव्यातील रस्ता पाहा. चिऱ्याच्या गडग्याला लागून वळण, वळणापलीकडे देवळाची वा इगर्जीची गर्दी, मध्येच गुरे, पाठीवर दप्तर घेतलेली पोरे, आणि भाड्याच्या स्कूटरवरून वाट चुकलेला पाहुणा. येथे पिवळा झेंडा दाखवायला कोणी उभा नाही. जी साधने असूनही तेथे इतके नियम लागतात, ती साधने नसलेल्या रस्त्यावर किती लागावेत, याचा विचार ज्याने त्याने करावा. राज्य सरकारच्या परवानगीवाचून सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार गुन्हाच आहे.

विद्यार्थी मित्रहो, आणखी दोनचार वर्षांत तुमच्यापैकी अनेकांच्या हाती परवाना येईल. तोवर किल्लीची घाई करू नका. आणि पालकांनीही कौतुकापोटी ती देऊ नये. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण कायद्याचा धाक ही शेवटची गोष्ट. आमच्या कोकणी घरांत बाहेर पडणाऱ्याला ‘सवकास वच’ असे सांगण्याची चाल आहे. त्या ‘सवकास’ शब्दात केवळ मंदपणा नाही. सांभाळून, स्वस्थ चित्ताने, इतरांना सांभाळून घेत जा, असा त्याचा भाव आहे.

शर्यतीच्या मार्गावरील शेवटची फेरी मुद्दाम संथ घालतात. तापलेले ब्रेक वाऱ्याने निवावेत, इंजिन शांत व्हावे आणि चालकाचे मनही ठिकाणावर यावे, हा तिचा हेतू. थांबल्यावरही लगेच हँडब्रेक ओढत नाहीत, कारण तापलेले पॅड तबकडीला चिकटू शकतात. जे वेगात निष्णात आहेत ते घरी परतण्यापूर्वी इतके निवतात. आपण तर रस्त्यावर निघतो तेच घरी परतण्यासाठी. तेव्हा ही संथ फेरी आपण पहिल्यापासूनच घालावी, हे उत्तम.