वाघाच्या मावशीचा खेळ

धान्याचा व्यापार आणि मांजर यांचा संबंध फार प्राचीन आहे. गोंदिया जिल्ह्यात, जेथे सुगीनंतर धानाची पोती गिरण्यांच्या आवारात थप्प्या लावून ठेवली जातात, तेथे हा संबंध कोणास समजावून सांगावा लागत नाही. जेथे धान्याचा साठा तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे मांजर. मनुष्याने मांजरास रानातून पकडून आणून माणसाळविले, असे घडलेले नाही. पश्चिम आशियात शेती स्थिरावली, कोठारे उभी राहिली, आणि तेथील रानमांजर उंदरांच्या मागोमाग आपण होऊन कोठाराच्या दारी आले. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात मनुष्याच्या सांगाड्याशेजारी मांजराचा सांगाडा आढळला. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. त्या बेटावर मूळचे मांजर नव्हते, म्हणजे कोणीतरी ते नावेतून बरोबर नेले होते. एवढ्या जुन्या सहवासातही मांजर चाकरीस कधी राहिले नाही. ते आले ते वाटेकरी म्हणून, आणि आजही त्याचे वर्तन वाटेकऱ्याचेच आहे.

आता हे मांजर गोदामातून घराच्या ओसरीवर आणि ओसरीवरून मुलांच्या मांडीवर आले आहे. तेथेच एक पेच उभा राहतो. संध्याकाळी मुलांशी लाडाने खेळणारे मांजर सकाळी अंगणात मारलेली चिमणी किंवा खार आणून ठेवते. ज्या घरात पाणी गाळून पिण्याचा आणि मुंगीलाही वाट सोडण्याचा संस्कार आहे, त्या घराला हे दृश्य सहन होत नाही. मग कोणी त्या मुक्या प्राण्यावर काठी उगारतो, तर कोणी त्यास पोत्यात घालून गावाबाहेर सोडून येतो. पहिल्या उपायाने मांजराला काहीच कळत नाही आणि दुसऱ्याने हिंसा केवळ घराच्या हद्दीबाहेर जाते. मांजर आपल्याकडे कसे पाहते आणि त्याचा खेळ म्हणजे नेमके काय, हे समजून घेतल्यास या पेचातून पुष्कळ अंशी मार्ग निघतो.

मांजर ही वाघाची मावशी, ही म्हण गोंदियाच्या मुलांना विशेष अर्थपूर्ण वाटावी. कारण २०१३ साली घोषित झालेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प याच परिसरात आहे. नागझिऱ्याच्या रानात वाघाचा बछडा आईच्या शेपटीवर दबा धरून झेप घेतो. गोंदियाच्या बाजारपेठेतील घरात मांजराचे पिल्लू पडद्याच्या झालरीवर झेप घेते. दबकणे, मागील पाय हलवून अंदाज घेणे, झेपावणे, पुढच्या पंजांनी धरणे आणि मागच्या पायांनी लाथा मारणे, हा क्रम दोहोंत सारखाच असतो. मांजराचा खेळ आणि त्याची शिकार ही एकाच वहीची दोन पाने आहेत.

हा प्राणी जग कसे अनुभवतो, हेही पाहण्यासारखे आहे. मांजराला रंगांची पारख बेताचीच असते; विशेषतः लाल रंग त्यास ठळक दिसत नाही. अगदी जवळची, म्हणजे सुमारे एका वितीच्या आतील वस्तू त्याला अंधुक दिसते, आणि ती उणीव मिशा भरून काढतात. मात्र मंद उजेडातील बारीक हालचाल त्याच्या नजरेतून सुटत नाही. मनुष्याचा कान सेकंदाला साधारण २० हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकतो. मांजराचा कान ६० हजारांच्याही पुढे जातो. म्हणूनच कोठारातील उंदराच्या पिलांचे सूक्ष्म आवाज आपल्याला ऐकू येत नाहीत, पण मांजराला येतात. गोड चव ओळखण्याची क्षमता मात्र त्याच्या जिभेला नाही. दिवाळीच्या पेढ्याकडे ते वळलेच तर गोडीसाठी नव्हे, दुधातुपाच्या वासासाठी वळते.

अशा प्राण्याच्या लेखी घरचा मालक कोण? ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन ब्रॅडशॉ यांनी अनेक वर्षांच्या निरीक्षणांनंतर एक लक्षवेधी मत मांडले. कुत्रा कुत्र्याशी जसा वागतो तसा माणसाशी वागत नाही. माणूस वेगळा आहे हे तो ओळखतो. मांजर मात्र माणसाशी जवळजवळ तसेच वागते जसे ते दुसऱ्या स्नेही मांजराशी किंवा आपल्या आईशी वागते. शेपटी ताठ उभी करून सामोरे येणे ही मांजरांची आपापसातील नमस्काराची रीत. पायाशी अंग घासणे हे आपुलकीचे अभिवादन आणि आपला गंध दुसऱ्यावर ठेवण्याची पद्धत. मांडीवर बसून पंजांनी कणीक तिंबल्यासारखे करणे ही तर दूध पिणाऱ्या पिलाची सवय. तात्पर्य, मांजराच्या दृष्टीने मालक हा मालक नाही. तो आकाराने मोठा, निरुपद्रवी आणि काहीसा आईसारखा सोबती आहे.

मांजर स्वार्थी असते, त्याचा जीव माणसावर नसून घरावर असतो, असा समज सर्वत्र आहे. तो पूर्णतः खरा नाही. जपानमधील संशोधक अत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखविले की मांजर मालकाचा आवाज परक्यांच्या आवाजापासून वेगळा ओळखते. मात्र त्याचा प्रतिसाद कान वळविणे, मान फिरविणे एवढाच असतो. ते उठून येत नाही. म्हणजे ऐकू येते, ओळखही पटते, पण आज्ञा पाळण्याची परंपरा त्याच्या वंशात नाही. पुढे २०१९ मध्ये त्याच संशोधकांनी मांजर आपले नावही ओळखते, असे दाखवून दिले. त्याच वर्षी अमेरिकेतील ओरेगॉन राज्य विद्यापीठात क्रिस्टिन विटाले यांनी पिलांना मालकासह दोन मिनिटे, मग एकटे दोन मिनिटे आणि पुन्हा मालकासह दोन मिनिटे अनोळखी खोलीत ठेवून पाहिले. सुमारे ६४ टक्के पिले मालक परतताच आश्वस्त झाली आणि मग निर्धास्तपणे खोलीत फिरू लागली. लहान मुले आईच्या बाबतीत असेच वागतात आणि त्यांच्यातील हे प्रमाणही जवळपास एवढेच आढळते.

मांजर डोळे मिटून दूध पिते, असे आपण लबाडीचे उदाहरण म्हणून सांगतो. मांजराच्या भाषेत मात्र डोळे हळूहळू मिटणे हे विश्वासाचे लक्षण आहे. ब्रिटनमधील ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या २०२० मधील अभ्यासात असे आढळले, की माणसाने मांजराकडे पाहून डोळे हळूच बारीक करून मिटले, तर मांजरही तसाच प्रतिसाद देते आणि परक्या माणसाजवळ येण्यासही अधिक राजी होते. उलट, टक लावून पाहणे त्याला धमकीसारखे वाटते. घरातील लहान मुलांना हे एवढे शिकविले तरी ओरखड्यांचे अनेक प्रसंग टळतील.

आता खेळाकडे वळू. पोट भरलेले मांजर शिकार करणार नाही, असे समजून अनेक जण त्याच्यापुढे दुधाची वाटी वाढवीत राहतात. शिकारीची प्रेरणा आणि भूक या दोन गोष्टी मांजरात बऱ्याच अंशी स्वतंत्र आहेत. उंदीर लहान असल्याने दिवसाकाठी अनेकदा शिकार करावी लागे, म्हणून पूर्ण भूक लागण्याची वाट पाहणे त्याच्या पूर्वजांना परवडणारे नव्हते. सारा हॉल आणि ब्रॅडशॉ यांच्या प्रयोगांतून दोन गोष्टी पुढे आल्या. भुकेले मांजर अधिक जोमाने खेळते, ही पहिली. दुसरी अशी, की एकाच खेळण्याला मांजर लवकर कंटाळते, पण थोड्याच वेळात खेळणे बदलून दिले तर पूर्वीपेक्षाही अधिक उत्साहाने तुटून पडते. मांजर आळशी झाले म्हणून तक्रार करणाऱ्यांनी आधी खेळणे बदलून पाहावे.

मांजरीचे दात तिच्या पिलास लागत नाहीत, ही म्हण आणखी एक धडा देते. भावंडांशी खेळतानाच पिल्लू चाव्याचा जोर आवरायला शिकते. आईपासून फार लवकर तोडलेल्या पिलाचे हे शिक्षण अपुरे राहते. त्यात घरातील माणसे आपले बोट वा हातच खेळणे म्हणून नाचवितात. पिल्लू मोठे झाले की तोच खेळ रक्त काढतो आणि दोष मांजराच्या माथी येतो. हाताने खेळवू नये. काठीला बांधलेले कापड किंवा कागदाचा बोळा वापरावा. बारदान्याची सुतळी, दोरा, रबर या वस्तू मात्र मांजर गिळू शकते आणि त्या आतड्यात अडकल्यास जिवावर बेतते; म्हणून खेळ संपताच त्या उचलून ठेवाव्यात. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवून डॉक्टरांकडे जावे, आणि मांजराचे रेबीजचे लसीकरण चुकवू नये.

या सर्वांत जीवदयेच्या दृष्टीने सर्वाधिक मोलाचा अभ्यास इंग्लंडमधील एक्झिटर विद्यापीठाचा आहे. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. नैर्ऋत्य इंग्लंडमधील ३५५ मांजरांवर १२ आठवडे निरीक्षण करण्यात आले. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न पिढ्यान् पिढ्या विचारला गेला. तेथे ती खरोखर बांधली गेली आणि शिकारीत लक्षणीय फरक पडला नाही! गळपट्ट्यावर भडक रंगीत कापडी झालर घातली तेव्हा पक्ष्यांची शिकार ४२ टक्क्यांनी घटली, कारण पक्ष्यांना रंग दुरून दिसतो. आणि दररोज केवळ ५ ते १० मिनिटे मालक मांजराशी शिकारीसारखा खेळ खेळले, तेव्हा घरी आणलेल्या शिकारीचे प्रमाण २५ टक्क्यांनी कमी झाले. ना दंड, ना बंधन. दिवसाची दहा मिनिटे आणि काठीला बांधलेली एक चिंधी. ज्या वृत्तीला बळी हवा असतो, तिची तहान काही अंशी चिंधीवरही भागते.

जैन कुटुंबाच्या दिनचर्येत यासाठी वेळही सोयीची आहे. मांजर पहाटे आणि संधिप्रकाशात सर्वाधिक चपळ असते. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपलेल्या घरात नेमका तोच काळ मोकळा असतो. त्या वेळी मुलांनी दहा मिनिटे मांजरास खेळवावे, शेवटी त्यास चिंधी पंजात पकडू द्यावी आणि मग त्याचे खाणे द्यावे. पाठलाग, झडप, आहार आणि झोप, हा त्याचा नैसर्गिक क्रम अशाने पूर्ण होतो. भिंतीवर प्रकाशाचा ठिपका नाचविण्याचा खेळ एकट्याने पुरा पडत नाही. हाती काहीच न लागल्याने मांजर बेचैन राहू शकते. चातुर्मासात दिव्यांभोवती पतंग आणि किडे जमतात; तेव्हा दिवेलागणीनंतर मांजर बाहेर न सोडणे अधिक श्रेयस्कर.

मात्र जमेच्या बाजूबरोबर खर्चाची बाजूही स्पष्ट लिहिली पाहिजे. एक्झिटरच्याच अभ्यासात मांसप्रधान आहाराने शिकार ३६ टक्क्यांनी घटली होती. मांजराचे शरीर मांसाहारासाठी घडलेले आहे. टॉरिन नावाचा घटक ते पुरेसा तयार करू शकत नाही. त्याच्या अभावी डोळ्यांचा पडदा आणि हृदय यांना इजा होते. केवळ दूध-पोळीवर मांजर निरोगी राहत नाही, आणि प्रौढ मांजरांपैकी अनेकांना दूध नीट पचतही नाही. तेव्हा या प्राण्याच्या आहाराचा प्रश्न आपले घर कसा सोडविणार, याचा विचार पशुवैद्यकाचा सल्ला घेऊन पिल्लू घरी आणण्यापूर्वीच व्हावा. ते आणल्यानंतर त्यास उपाशी वा आजारी ठेवणे ही दया नव्हे.

पूर्वाचार्यांनी हा विचार केला होता. श्रावकास वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांमध्ये असतीपोषणाचा समावेश आहे. बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त त्याचे स्वरूप सांगताना पोपट, कुत्रा, मोर यांच्याबरोबर मांजराचाही उल्लेख केला आहे, आणि तेथील रोख धनासाठी केलेल्या पोषणावर आहे. गोदामातील उंदीर मारले जावेत म्हणून मांजर पाळणे आणि दारी आलेल्या निराधार जीवास आसरा देणे, या दोहोंतील अंतर व्यापारी माणसाला सहज कळेल. साठ्याच्या रक्षणासाठी जमिनीपासून उंच फळ्या, बंद फटी आणि दारांना बारीक जाळी हा अधिक निर्दोष मार्ग आहे.

जे मांजर आधीच घरचे झाले आहे, त्याच्या स्वभावाला शिक्षा करणे व्यर्थ आहे. ते आपल्याला सोबती मानते; सोबत्याने त्याचा खेळ ओळखावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. सायंकाळची दहा मिनिटे त्यास दिली, तर अंगणातील काही चिमण्या आणि खारी वाचतील, आणि प्राण्याचा स्वभाव समजून घेणे हाही करुणेचाच भाग आहे, हे घरातील मुलांना निराळे शिकवावे लागणार नाही.