सावकार : कथेतला आणि गावातला



सुट्टीत मोहगावास घरी आलेल्या मुलामुलींच्या हाती हल्ली अद्भुतकथांचे जाडजूड ग्रंथ दिसतात. वाचनाची गोडी लागली, हे चांगलेच झाले. मात्र त्या जादूच्या जगातही सावकार असतोच, आणि तो पुष्कळदा वाकड्या नाकाचा, लांब बोटांचा व परक्या वंशाचा असतो. १९९७ पासून प्रसिद्ध झालेल्या हॅरी पॉटरच्या कथांत पेढी सांभाळतात ते 'गॉब्लिन' नावाचे बुटके. त्यांचे चित्रपटातील रूप पाहून अनेकांना युरोपातील जुनी यहुदीद्वेषी व्यंगचित्रे आठवली. लेखिकेचा तसा हेतू होता, असे आम्ही म्हणत नाही. परंतु हे चित्र कोठून आले, हे आईबापांस ठाऊक असावे.

त्यास सर्वांत मोठी प्रसिद्धी दिली ती शेक्सपियरच्या, १६०० साली छापल्या गेलेल्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस' या नाटकाने. शायलॉक नावाचा यहुदी सावकार तीन महिन्यांच्या बोलीने तीन हजार डुकाट देतो आणि मुदत टळताच ऋणकोच्या अंगचे एक पौंड मांस मागतो. मांस घे, पण रक्ताचा थेंब सांडू नको, या युक्तिवादाने तो हरतो. गंमत अशी की, यहुद्यांस इंग्लंडमधून १२९० मध्येच हाकलून दिलेले होते. म्हणजे ते नाटक पाहणाऱ्या बहुतेकांनी उघडपणे यहुदी म्हणून वावरणारा मनुष्य पाहिलेलाही नसावा. खुद्द व्हेनिसने १५१६ मध्ये त्यांस एका वेगळ्या वस्तीत कोंडले व बहुतेक उद्योग त्यांस बंद केले. सावकारीसारखे मोजकेच धंदे मोकळे ठेवले, आणि मग सावकार म्हणून त्यांचाच तिरस्कार केला.

नाटकाच्या शेवटी शायलॉकवर ख्रिस्ती होण्याची सक्ती होते, आणि त्यास दया म्हटले जाते. येथे आपण ख्रिस्ती वाचकांनी थांबले पाहिजे. बाप्तिस्मा ही शिक्षा नव्हे. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती करू नये, आणि यहुद्यांचा द्वेष निषेधार्ह आहे, या दोन्ही गोष्टी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट केल्या.

आपल्या मराठी मुलखातील यहुदी कोण होते? कोकणातील बेने इस्राएल. त्यांचा जुना धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. शायलॉकशी त्यांचे काय साम्य?

आपल्याकडील सावकाराची कथा निराळी आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर १८६५ नंतर कापसाचे भाव कोसळले, सारा मात्र वाढला, आणि दख्खनचा कुणबी कर्जात बुडाला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी उठाव करून सावकारांची खतपत्रे जाळली. कापूस पिकविणाऱ्या आपल्या भागास भाव कोसळणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. परंतु तेथेही रोष मुख्यत्वे परमुलखातून आलेल्या मारवाडी व गुजर सावकारांवर निघाला. भाव व सारा हातास लागत नाहीत. परका माणूस चटकन लागतो.

बाबूराव पेंटर यांच्या १९२५ च्या 'सावकारी पाश' या मूकपटात व्ही. शांताराम यांनी नाडलेल्या शेतकऱ्याची भूमिका केली. प्रेमचंदांच्या 'सव्वा सेर गेहूँ' या कथेत सव्वा शेर गव्हापायी शंकर जन्माचा वेठबिगार होतो. या दोन्हींत पाप दिसते ते लबाड कागदात व वाढत्या व्याजात, कोणाच्या नाकात नव्हे. नाओमी नोविक यांच्या 'स्पिनिंग सिल्व्हर' (२०१८) या अद्भुतकथेत तर यहुदी सावकाराची मुलगीच नायिका आहे. बाप इतका मवाळ की वसुलीच करीत नाही. घरात उपासमार होते, तेव्हा ती स्वतः दारोदार जाते. पैसे बुडविणारे शेजारीही तेथे आपणांस दिसतात.

म्हणून मुलांच्या हातची पुस्तके काढून घेऊ नका. रात्री जेवणे झाल्यावर त्यांच्यापाशी बसा आणि विचारा : या गोष्टीतला सावकार वाईट ठरला तो त्याच्या करणीने, की जन्माने? उत्तर 'जन्माने' असे आले, तर ती गोष्ट कितीही रंजक असो, तिने एका निरपराध समाजावर खोटे खत लिहिले आहे. त्यावर आपल्या मुलांची सही होऊ देऊ नका.