दुःश्रुती कोणती?

श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. मन मलिन करणारे ऐकणे, म्हणजे दुःश्रुती, हा त्यांतील एक. म्हणूनच असेल, जालन्याच्या पुष्कळ घरांत गुन्ह्यांवरचे पुस्तक कपाटात मागे सरकवले जाते आणि हास्याचा कार्यक्रम मात्र जेवताना सर्वांसमक्ष चालतो.

शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात गुप्तधनाच्या लोभापायी स्त्रियांचे व मुलींचे बळी गेले. तपास करणारे रमाकांत कुलकर्णी यांनी पुढे त्यावर लिहिले. काहींना फाशीची शिक्षा झाली. सूत्रधार म्हणून ज्या दोघांवर आरोप होता, ते मात्र अखेर निर्दोष सुटले. मग कट कोणाचा? हे वाचणारा निदान दोष देण्यापूर्वी थबकतो. (२०२४ च्या मालिकेत त्या आरोपीची भूमिका मकरंद अनासपुरे यांनी केली, एरवी त्यांना पाहून मराठवाडा हसत आला आहे.)

विनोदाला थबकायला सवड नसते. पडद्यावरचा किराणा दुकानदार हेल काढून बोलणार, मापात मारणार, हे ठरलेलेच. मोंढ्यातील चोख मापाच्या पेढीवरचा नातूही त्याला हसतो. शाळेत तोच हेल काढून त्याला चिडवले जाते, हे मात्र तो घरी सांगत नाही.