पाखरांची मोजणी आणि ज्वारीचा हिशेब



माघ सरत आला की जिल्ह्याच्या गावची पक्षिमित्र मंडळी कामाला लागतात. फेब्रुवारीत चार दिवसांची पक्षीमोजणी असते. जगभर एकाच वेळी होणारी ही मोजणी २०१३ पासून आपल्या देशातही होते. मग २० मार्चला चिमणी दिवस. शाळाशाळांतून लाकडी घरटी आणि मातीची पसरट भांडी वाटली जातात, एखादे भाषण होते. चैत्रात रानातले पाणवठे उपसायचे, वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाण्यावर येणारी जनावरे मोजायची. ही मंडळी म्हणजे कोणी शिक्षक, कोणी बँकेतला कारकून, कोणी डॉक्टर, काही कॉलेजातली पोरे. पदरचे पैसे घालून फिरतात. "आपल्या घरात दाणा नाही अन् हे पाखरांना पाणी पाजत हिंडतात," अशी त्यांची टिंगल करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. ती टिंगल थांबवावी, कारण ही माणसे जे मोजतात त्याच्याशी आपला संबंध आहे. आणि त्यांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगावी, की तुमची मोजणी चुकीच्या ठिकाणी चालली आहे.

कुठे चालते ही मोजणी? तलावावर, धरणाच्या फुगवट्यावर, गावातल्या बागेत, फार तर जंगलाच्या कडेला. जानेवारीतली पाणपक्ष्यांची मोजणी पाण्यावर होणार, हे समजू शकते. पण फेब्रुवारीतही दुर्बिणी पुन्हा तलावाकडेच वळतात, कारण तिथे एका जागी बसून शंभर-दोनशे बदके दिसतात आणि वहीची पाने भरतात. काढणीला आलेल्या ज्वारीच्या वावरात, पऱ्हाटीच्या धुऱ्यावर, गावच्या पडीत उभा राहिलेला पक्षिमित्र आम्हाला क्वचितच दिसला आहे.

आणि नेमकी तिथलीच पाखरे कमी होत आहेत. हे आमचे म्हणणे नव्हे. देशभरच्या सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल निघाला. त्यात ९४२ जाती तपासल्या. जितक्या जातींचा लांब पल्ल्याचा कल सांगता आला, त्यांतल्या साठ टक्के जाती घटल्या आहेत. सर्वांत वाईट अवस्था आहे उघड्या माळरानावर राहणाऱ्यांची, शिकारी पक्ष्यांची आणि किड्यांवर जगणाऱ्यांची. जिच्या नावाने मार्चमध्ये दिवस साजरा होतो ती चिमणी या अहवालाच्या चिंतेच्या यादीत नाही. उलट दसऱ्याला ज्याचे दर्शन आपण शुभ मानतो तो नीळकंठ, म्हणजे चास, इतका घटला आहे की त्याची स्थिती नव्याने तपासावी असे त्या अहवालाने सुचवले. नीळकंठ कुठे बसतो? आपल्या वावरावरून गेलेल्या तारेवर. काय खातो? आपल्याच वावरातले टोळ, नाकतोडे, भुंगे.

आता ज्वारीची गोष्ट. ही जरा सविस्तर सांगितली पाहिजे.

१९७० च्या सुमारास देशात दीड कोटी हेक्टरांहून अधिक ज्वारी होत असे. आज ती पन्नास लाख हेक्टरांच्याही खाली आली आहे. कारणे आपणा सर्वांना पाठ आहेत. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त झाला, ज्वारीला भाव राहिला नाही, सोयाबीनने खरिपाची ज्वारी खाल्ली आणि उरलेल्या जमिनीवर कापूस गेला. २०२३ हे साल भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. ज्वारीच्या नावाने भाषणे झाली, ज्वारीची बिस्किटे निघाली. बाजार समितीत पोते घेऊन जाणाऱ्याला त्या वर्षाने काय दिले, हे त्याचे त्यालाच विचारावे.

पण ज्वारी जाण्याचे एक कारण कोणत्याच सरकारी टिपणीत नसते. ते कारण म्हणजे पाखरे. साऱ्या शिवारात ज्वारी असे तेव्हा पाखरांचा थवा साऱ्या शिवारावर विखरून बसे. प्रत्येकाच्या वावरातली थोडीथोडी कणसे जात, कोणाच्या जिवावर येत नसे. आता शंभर एकरांच्या शिवारात एकट्याची दीड एकर ज्वारी उभी असते. दाणा चिकात आला, हुरड्यावर आला, की पंचक्रोशीतला प्रत्येक थवा त्या दीड एकरावर उतरतो. पोपट, चिमण्या, आणि रब्बीत भोरड्या. ज्याने ज्वारी पेरली तो गावभरच्या पाखरांचे जेवण एकट्याच्या खर्चाने घालतो. दोन वर्षे घालतो, तिसऱ्या वर्षी हरभरा पेरतो. मग शिवारात उरलेल्या एखाद्या ज्वारीवाल्याचा नंबर लागतो. पीक जितके कमी तितके प्रत्येक एकरावरचे नुकसान जास्त, आणि नुकसान जितके जास्त तितके पीक आणखी कमी. हे चक्र एकदा फिरू लागले की कोणाच्या उपदेशाने थांबत नाही.

पूर्वी यावर उपाय होता तो माणसांचा. वावरात माळा बांधायचा, पहाटेपासून गोफण फिरवायची, डबे वाजवायचे. हे काम बहुतांशी घरच्या बायांनी आणि पोरांनी केले. पोरे आता शाळेत जातात आणि जायलाच पाहिजेत. मजूर लावून राखण करायची तर मजुरी ज्वारीतून निघत नाही. चकाकणाऱ्या फिती, फटाके, बुजगावणी यांना पाखरे चार-आठ दिवस भितात, पुढे त्यांच्यावरच बसतात. लाल, तुरट दाण्याची ज्वारी पाखरे टाळतात हे खरे. पण तिची भाकरीही तशीच होते आणि बाजारात तिला कोणी विचारत नाही. शेतीच्या कॉलेजात हा उपाय आम्हाला शिकवला होता. तो सुचवणाऱ्याने ती भाकरी महिनाभर खाऊन पाहावी.

मग भोरडी आपली वैरी म्हणायची काय? तसेही म्हणता येत नाही. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही पाखरे मध्य आशियाच्या बाजूला वीण करतात. तिथे त्यांची पिल्ले वाढतात ती मुख्यतः टोळ आणि नाकतोड्यांवर. पावसाळ्यातच ती आपल्याकडे येऊ लागतात, थंडीभर ज्वारीवर असतात, फाल्गुनात पळसाच्या फुलांतला रस पितात (म्हणून त्यांना पळस मैनाही म्हणतात) आणि चैत्रात परत जातात. जे पाखरू पौषात कणीस खाते तेच इतर वेळी किडा खाते. एकाच वहीत जमा आणि खर्च दोन्ही मांडावे लागतील. आजवर पक्षिमित्रांनी फक्त जमा मांडली आणि शेतकऱ्याने फक्त खर्च.

कापसाच्या बाबतीतही खोटे बोलायचे कारण नाही. कोतवाल, साळुंक्या, गायबगळे अळ्या खातात. हरभऱ्यात पेरतानाच मूठभर ज्वारी मिसळली तर तिच्या ताटावर बसून पाखरे घाटेअळी वेचतात, याचा अनुभव पुष्कळांना आहे. पण गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते, तिथे कोतवालाची चोच पोचत नाही. २०१७ साली विदर्भात या अळीने जे केले, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर माणसे गेली, ते पक्षी थांबे लावून टळले असते असे जो सांगेल त्याला कापूस कळत नाही. त्या अळीसाठी फरदड न घेणे आणि पऱ्हाट्या वेळेत उपटणे हीच वाट आहे. मात्र एक खरे. ज्या शिवारात जहाल औषधांचे मिश्रण पाच-पाच वेळा फिरते, तिथे अळी खायला येणारे पाखरूही टिकत नाही. मग अळी आणि औषध यांच्यामध्ये फक्त आपण उरतो.

एवढे वाचून कोणी म्हणेल, असे असेल तर पक्षिमित्रांना शिवारात बोलावताच कशाला? उद्या एखादा दुर्मिळ पक्षी सापडला म्हणजे सातबारावर बोजा चढेल, जमीन विकता येणार नाही, विहिरीलाही परवानगी लागेल.

ही भीती खोटी नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक आहे ही गोष्ट सत्तरच्या दशकात सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी लोकांपुढे आणली. माळढोक म्हणजे उघड्या माळावर राहणारा, जमिनीवर एकच अंडे घालणारा, माणसाच्या कमरेच्या वर मान येईल एवढा पक्षी. तो तिथे टिकला होता कारण तिथे माळाचे गवत होते, आणि त्याला लागून ज्वारी, करडई, तुरीची कोरडवाहू शेती होती. १९७९ साली सरकारने अभयारण्य जाहीर केले. किती मोठे? सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर! माळढोक होता काही माळांवर. नकाशात गेली गावे, बाजार, रस्ते आणि हजारो शेतकऱ्यांच्या खासगी जमिनी. खरेदी-विक्रीला आणि बांधकामाला वन खात्याच्या परवानग्या आल्या. हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणायला तीन दशके गेली.

त्या तीन दशकांत माळढोकाचे काय झाले? उजनीचे पाणी आले, ज्वारीच्या जागी ऊस आला. उघड्या माळांना 'पडीक' ठरवून सरकारनेच त्यांवर झाडे लावली. माळढोकाला झाडी नको असते, मोकळे गवत लागते, हे जाणकार त्या वेळीही सांगत होते. आज देशभरात माळढोक दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आहेत, आणि बहुतेक राजस्थानात. नान्नजला एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. मध्य प्रदेशात करेरा येथे १९८१ साली असेच अभयारण्य झाले. तिथेही जमिनीचे व्यवहार अडले, काळवीट वाढून पिके खाऊ लागले. ज्या गावांनी आधी माळढोक राखला होता तीच गावे त्याच्यावर उलटली. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथला माळढोक संपला. शेतकऱ्याच्या जमिनीवरचा पक्षी शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवून वाचत नाही, हे करेराने दाखवून दिले आहे. पक्षिमित्रांपैकी जाणत्या लोकांनीही हे लिहून ठेवले आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे. या वसंतात मंडळाच्या लोकांनी तलाव सोडून शिवारात यावे आणि आपण त्यांना आपल्या बरोबर घेऊन फिरावे. त्यांना पाखरांची नावे येतात, आपल्याला जागा ठाऊक असतात. पखुर्डी सकाळी कोणत्या डबक्यावर उतरते, भोवत्या संध्याकाळी कोणत्या गवतात रात्रीला बसतात, चंडोल कोणत्या पडीत गातो, हे कोणत्याही पुस्तकात नाही. टिटवीचेच पाहा. चैत्र-वैशाखात ती नांगरटीत नाहीतर मुरमाड पडीत चार अंडी घालते. अंडी उंचावर असली तर पाऊस चांगला, सखल भागात असली तर कमी, असा आपल्याकडे अंदाज बांधतात. पावसाचे खरे-खोटे टिटवीलाच माहीत, पण या समजुतीमुळे निदान अंडी कुठे आहेत इकडे शेतकऱ्याचे लक्ष असते. वखर चार हात वळवून नेणारे शेतकरी आम्ही पाहिले आहेत. ट्रॅक्टरवाल्याला मात्र आधी सांगून ठेवावे लागते, आणि तिथे काठी रोवलेली बरी.

आपल्याकडून दोन कामे अंगाला तोशीस न लावता होतील. धुऱ्यावरचे गवत उन्हाळ्यात सरसकट पेटवू नये. निम्मा धुरा यंदा, निम्मा पुढच्या साली साफ केला तरी चालते. दुसरे जनावरांच्या औषधाचे. आपल्या लहानपणी मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की दिवसभरात गिधाडे सांगाडा उरवत. ती गिधाडे डायक्लोफेनॅक नावाच्या दुखण्यावरच्या औषधाने गेली. औषध टोचलेले जनावर मेले आणि ते गिधाडाने खाल्ले की त्याची किडनी निकामी होते. हे औषध जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना टोचल्या जात, म्हणून २०१५ साली बाटली तीन मिलिलिटरची केली. एसिक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेन २०२३ साली जनावरांसाठी बंद झाली. डॉक्टरला मेलॉक्सिकॅम मागावे. ते गिधाडाला चालते आणि बैलाचे दुखणेही थांबवते. गिधाडे गेल्यावर ढोरांवर कुत्री वाढली, आणि त्या कुत्र्यांचा ताप रात्री जागलीला जाणाऱ्याला अधिक कळतो.

मंडळांकडून आपल्याला काय हवे तेही मोकळेपणी सांगू. पाखरांची नोंद करताना त्या वावरात कोणते पीक होते, किती एकर होते, कणसे किती गेली, हेही लिहा. रानडुक्कर आणि रोह्यांच्या नुकसानीचे पंचनामे होतात. पाखरांनी खाल्लेल्या ज्वारीचा पंचनामा करायला कोणी आल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तुमच्या वह्या तो पुरावा तयार करू शकतात. चिमणी दिवसाला घरटी वाटता, वाटा. त्याच दिवशी ज्वारीच्या भावाचीही मागणी करा, कारण शेतात ज्वारी राहिली तरच पाखरांना दाणा राहील. जूनमध्ये झाडे लावायला निघाल तेव्हा गावचा माळ सोडून लावा. आणि दुर्मिळ पक्षी सापडला तर अर्ज वन खात्याकडे जाण्याआधी ज्याची जमीन आहे त्याच्या ओसरीवर बसून बोला.

पाडव्यानंतरच्या जिल्हा बैठकीत हा विषय ठेवला आहे. मंडळांच्या लोकांनाही बोलावणे गेले आहे. येताना प्रत्येक गावाने एका कागदावर एवढे लिहून आणावे: गावात यंदा ज्वारी किती एकर होती, दहा वर्षांपूर्वी किती होती, पाखरांमुळे पेरणे कोणी सोडले, नीळकंठ शेवटचा कधी दिसला. ज्या बाया राखणीला जातात त्यांना आधी विचारावे आणि शक्यतो त्यांनाच बैठकीला आणावे. कोणत्या थव्याने किती खाल्ले हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.